जाळ्याची फेरी

बगळ्याने सामानाच्या खोलीमागचा नळ सोडला आणि डोकं त्याखाली धरलं. आधी केस, मग मान, मग पाठ. चड्डी सगळीकडून भिजली पाहिजे म्हणून त्याने जागच्या जागी एक गिरकी घेतली. गॉगल नळाखाली धरून गळ्यात अडकवला. धाप लागलेली दिसावी म्हणून तिथल्या तिथे उड्याही मारल्या. चाळिशी उलटलेला, काठीसारख्या पायांचा माणूस सकाळी सकाळी भिंतीआड उड्या मारतोय, हे कुणी पाहिलं असतं तर हसून हसून लोळलं असतं. पण त्या कोपऱ्यात कुणी फिरकत नसे. नळ बंद करून तो भिंतीला वळसा घालून पुढे आला, पाणी निथळत खांबापाशी गेला आणि त्याने हिरवा बावटा वर चढवला.

बावट्याकडे डोळे लावून ताटकळलेली माणसं ओरडत पाण्याकडे धावली. सुट्टीचा दिवस, कडक ऊन आणि पुढ्यात समुद्र. त्यांचं तरी काय चुकलं?

इथला नियम जुना होता. पोहायच्या जागेला समुद्राच्या बाजूने जाळं लावलेलं होतं. वर लाल गोळे तरंगत, खालचा जाड दोर तळाच्या वाळूत गाडलेला असे. जाळ्यापलीकडे शार्क होते, पूर्वीही होते, आणि ते कुणाच्या अध्यातमध्यात नव्हते. रोज सकाळी ज्याची पाळी असेल त्या जीवरक्षकाने जाळ्याच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत जायचं, बुड्या मारून बघायचं, कुठे फाटलंय का, दोर सुटलाय का. मग बाहेर येऊन, अंग न पुसता, बावटा लावायचा. कोरड्या माणसाने हिरव्याला हात लावायचा नाही, एवढंच. सही-शिक्क्याची भानगड नव्हती. अंग ओलं म्हणजे फेरी झाली, असं सगळे धरून चालत.

बगळा आणि ढोल ही फेरी एक दिवसाआड मारत. ढोलला ढोल म्हणत ते पोटामुळेही आणि आवाजामुळेही. दोघांनी ऐन तरुणपणात ही नोकरी धरली होती आणि एकमेकांच्या खोड्या काढत इथेच केस पिकवले होते.

मग ती दुपार आली. एक पाहुणा मित्रांशी पैज लावून गोळ्यांच्या पलीकडे गेला. शिट्ट्या फुंकून फुंकून ढोलचे गाल दुखले, तरी गडी ऐकेना. पाणी लाल झालं तेव्हा बगळा त्याच्यापर्यंत पोचलेलाच होता. त्याने त्याच्या काखेत हात घातला आणि किनाऱ्याकडे निघाला, आणि तेवढ्यात त्या माणसाला खालून कुणीतरी ओढलं. जोरात नाही. दार नीट लागलंय का ते बघायला आपण कडी ओढून बघतो, तेवढंच, एकदा. मग सोडून दिलं.

माणूस वाचला. पोटरी गेली, पण वाचला. बगळ्याचा फोटो पेपरात आला, शेजारीपाजारी त्याला चहाला बोलावू लागले. किनारा बंद राहिला आणि मग उघडला. उघडल्यावर पहिली पाळी बगळ्याची होती. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं, आणि त्याचे पाय आपोआप मागे फिरले. त्याला भीती वाटली. अंधाऱ्या खोलीत जायला लहान मुलाला वाटते तशी साधी, लाजिरवाणी भीती. आणि ज्याला सगळं गाव शूर म्हणतंय त्याने ती सांगायची तरी कुणाला? तो मागच्या नळाखाली जाऊन भिजला. मग पुढच्या पाळीलाही. ढोल एक दिवसाआड जातोच की, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. एका दिवसात जाळ्याला काय धाड भरणार आहे?

आज मात्र ही समजूत अंगाला नीट बसत नव्हती. परवा समुद्र खवळला होता, लाटा पार बाकांपर्यंत आल्या होत्या. काल ढोलची पाळी होती. ढोलने बघितलंच असणार. बघितलं असणार, बघितलं असणार, असं घोकत बगळा वाळूवर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे येरझाऱ्या घालत राहिला.

"अहो, उभे राहा जरा एका जागी," बायको म्हणाली.

ती लेकीला आणि लेकीच्या मैत्रिणींना घेऊन आली होती. मुली चपला भिरकावून केव्हाच पाण्याच्या काठाशी नाचायला लागल्या होत्या.

"बाबा, मी आज गोळ्याला हात लावून येणार!" लेक ओरडली.

"बघू," बगळा म्हणाला.

बायकोने छत्री वाळूत रोवली. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पूर्वी तुमची चड्डी वाळली की पुठ्ठ्यासारखी कडक व्हायची. खारं पाणी. हल्ली मऊ असते."

"साबण बदलला असशील."

"साबण तोच आहे."

त्याने गळ्यातली शिट्टी उगाचच तपासली. बायको सरळ झाली, हाताची वाळू झटकली आणि आता मात्र तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"पोरीला उतरवू ना पाण्यात?"

"हिरवा लावलाय की."

"मी बावट्याला नाही विचारलं."

बगळ्याने नुसती मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लेकीला तेवढंच पुरे होतं. ती मैत्रिणींचे हात धरून पाण्यात पळाली, आणि बायको काठावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून.

बगळा तडक मचाणाकडे गेला. वर ढोल दुर्बीण लावून बसला होता. शिडी चढता चढताच बगळ्याने विचारलं,

"काल खडकाकडचं टोक कसं होतं?"

"मस्त."

"आणि खालचा दोर?"

"गाडलेला. जसाच्या तसा. का रे, माझी परीक्षा घेतोस की काय?"

"परवा केवढ्या लाटा होत्या, म्हणून विचारतो. नीट दिसत होतं ना खाली?"

"आरशासारखं!" ढोल म्हणाला. "तळाचा शिंपला न् शिंपला दिसत होता."

बगळा शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबला. काल दिवसभर तो इथेच होता. लाटांनी ढवळलेलं पाणी काल संध्याकाळपर्यंत गढूळ होतं. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःची पावलं दिसत नव्हती. पोरं त्याचीच गंमत करत होती, आपले पाय हरवले म्हणून ओरडत होती.

दुर्बीण ढोलच्या डोळ्यांना होती, पण तिचं तोंड भलतीकडेच, जिथे ढगसुद्धा नव्हता तिकडे होतं.

"आणि मला काय विचारतोस?" शेवटी ढोल म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "आज तर तूच बघून आलास ना."

"मी नाही गेलो."

"आज?"

"किनारा उघडला तेव्हापासून. एकदाही नाही. मागच्या नळाखाली भिजतो आणि येतो."

ढोलने दुर्बीण मांडीवर ठेवली. त्याचा रुंद चेहरा बसल्या जागी उतरला.

"मी घरून पाण्याची बाटली आणतो," तो म्हणाला. "वळणावर स्कूटर थांबवतो आणि डोक्यावर ओततो. एकदा पोस्टमनने पाहिलं. मी म्हटलं, उकडतंय."

"ढोल..."

"अरे, मला वाटलं तू जातोस! तू तर त्याला ओढून आणलंस. मी नुसता शिट्ट्या मारत बसलो होतो. मी म्हटलं, बगळ्याला कसली भीती? तो नीट बघत असेल, आपण एक दिवस नाही गेलो तर काय बिघडलं?"

"मीही तेच म्हटलं."

एरवी या गोष्टीवर दोघं पोट धरधरून हसले असते. बाटली ओतणारा ढोल, उड्या मारणारा बगळा, आणि दोघांनी एकमेकांना दाखवलेला तो ओला रुबाब. पण बगळ्याने तेवढ्यात समुद्राकडे पाहिलं. मुलींचा घोळका कमरेएवढ्या पाण्यात थांबला होता आणि त्यातून एकच डोकं पुढे निघालं होतं, लाल गोळ्यांच्या रोखाने. त्यानेच शिकवलेले ते हात होते, त्याला ते कुठूनही ओळखू आले असते.

त्याने शिट्टी तोंडात घातली. तोंडाला कोरड पडली होती, नुसतीच हवा निघाली. त्याने ओठ चाटले आणि पुन्हा फुंकली. लांबलचक, न तुटणारी शिट्टी. तिचा अर्थ इथे सगळ्यांना ठाऊक होता. ढोल शिडीवरून उतरला की पडला कोण जाणे, पण तो खांबापाशी पोचला आणि हिरवा खाली ओढून त्याने लाल चढवला.

माणसं बाहेर यायला लागली. कुणी पळत, कुणी कुरकुरत, कुणी चपला शोधत. बगळा मचाणावर उभा राहून शिट्टी फुंकत होता आणि त्या एका डोक्याकडे बघत होता. लेक गोळ्याच्या अगदी जवळ पोचली होती. हात लांब केला असता तर लागला असता. तिने मागे वळून पाहिलं, पुन्हा गोळ्याकडे पाहिलं. बगळ्याचा श्वास संपला तरी तो फुंकत राहिला. मग ती नाराजीने वळली आणि परत पोहायला लागली. तेवढं अंतर कापायला तिला किती वेळ लागतो हे त्याला चांगलं माहीत होतं, पण आज ती येता येत नव्हती. काठावर बायको पाण्यात शिरून पुढे पुढे चालली होती, साडी भिजतेय याची तिला शुद्ध नव्हती. शेवटी तिने पोरीचा दंड पकडला आणि तो सोडलाच नाही.

"आई, दुखतंय! एवढं जवळ होतं ते!"

बगळा खाली उतरला तोवर हॉटेलवाल्यांच्या संघाचे सेक्रेटरी धापा टाकत येऊन ठेपले होते. त्यांच्यामागे टॉवेल गुंडाळलेली गर्दी.

"काय दिसलं?" सेक्रेटरींनी विचारलं. "कुठे दिसला? केवढा होता?"

"काही दिसलं नाही, साहेब."

"मग लाल कशाला?"

"काही बघितलंच नाही, म्हणून." बगळा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "इतके दिवस आम्ही दोघंही जाळ्याकडे गेलो नाही. खोटं भिजून बावटा लावत होतो. जाळं धड आहे की फाटलंय, आम्हाला माहीत नाही."

"अहो, हळू बोला!" सेक्रेटरींनी त्याचा हात धरून त्याला बाजूला ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम तरारला होता. "चूक झाली, ते आपण नंतर बघू. आता सगळ्यांना सांगा, जेलीफिश आलेत. थोड्या वेळाने पुन्हा हिरवा लावा. परवाच्या लाटांनी काही झालं असतं तर एव्हाना कळलं नसतं का?"

"कसं कळलं असतं, साहेब?" बगळ्याने विचारलं.

गर्दीतल्यांनी ऐकायचं ते ऐकलंच होतं. एक म्हातारा आपल्या नातवाला ओढत पाण्यापासून लांब घेऊन चालला होता. एक बाई बगळ्याकडे अशी बघत होती की त्याला मान खाली घालावी लागली.

"मी बघून येतो," तो म्हणाला.

बायको पोरीला पोटाशी धरून उभी होती. तो तिच्याजवळून जायला लागला तशी ती म्हणाली,

"भीती वाटते?"

"खूप."

"मला केव्हाच सांगायला हवं होतंत." तिने त्याच्या खांद्याला लागलेली वाळू झटकली. "जा. हिला मी धरलंय."

ढोल आधीच पाण्याच्या काठाशी उभा होता, खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन. दोघं चालायला लागले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मांड्यांपर्यंत आलं. बगळ्याचे पाय थबकले, तसा ढोलही थबकला.

"तू पुढे हो," ढोल म्हणाला. "मी आहेच मागे."

"पुढे-मागे नको. बरोबर."

ते बरोबर निघाले. ढोल मोठ्याने श्वास घेत होता आणि बगळ्याला त्या आवाजाचा आधार वाटत होता. गोळ्यांपाशी पोचल्यावर ढोल एका टोकाला गेला आणि बगळा खडकांच्या बाजूला. त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला, छाती भरून घेतली आणि बुडी मारली.

खाली काही दिसेना. हिरवट, मातकट, हाताच्या अंतरावर सगळं संपलेलं. वर जावं, वर जावं, असं अंग ओरडत होतं. त्याने जाळं मुठीत धरलं आणि चाचपत निघाला. जाळ्याचं एक घर, त्याच्या शेजारचं घर, त्याच्या शेजारचं. दोर टणक होते, शेवाळलेले होते, जागच्या जागी होते. तो श्वासाला वर यायचा, पुन्हा जायचा, सोडलं तिथूनच पुन्हा धरायचा. खडक जवळ आले. हात सरकत होता, घरामागून घर लागत होतं, आणि मग पुढचं घर लागेना.

त्याने हात आणखी लांब केला. नुसतं पाणी होतं, गार, पलीकडून आत येणारं. भोक केवढं आहे ते बघायला त्याने तुटलेली कड एका हाताने धरली आणि दुसरा हात पसरला. पुरला नाही. त्याने पायही ताणले, त्याच्या त्या लांबलचक, चेष्टेच्या पायांनी दुसरी कड शोधली. तीही लागली नाही.

तो वर आला. ढोलला हाक मारण्याआधी त्याने गॉगल कपाळावर ढकलला आणि किनाऱ्याकडे वळून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग पुन्हा एकदा फिरवली. सगळे बाहेर होते.