लिफ्टमध्ये रडलेली बायको

भांडी विसळता विसळता तिने ओला हात वर करून नवऱ्याला थांबवलं.

“‘आम्ही’ नको. ‘मी’ म्हण.”

नोकरी सुटल्यानंतर आज पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घालून तो स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभा होता. त्याने पुन्हा सुरुवात केली.

“लिफ्ट मध्येच अडकली. दिवे गेले. मी सगळ्यांना खाली बसवलं…”

खरं तर सगळ्यांना बसवलं होतं तिने. शेजारच्या आजोबांना धाप लागली, तेव्हा त्यांना त्यांच्या लग्नाची हकीकत सांगायला लावून त्यांचा श्वास ताळ्यावर आणला, तोही तिनेच. नवरा दारावर मुठी आपटत रडत होता. पण ‘बिकट प्रसंगी तुम्ही काय केलंत?’ हे मुलाखतीत विचारतातच, आणि याच्या गाठीला तसं काहीच नव्हतं. मग तिने आपली गोष्ट त्याच्या मापाने बेतून दिली.

“घाबरणारं कुणीतरी हवं,” ती म्हणाली. “त्याशिवाय धीर देणारा उठून दिसत नाही.”

“आजोबांना घालू?”

“त्या बिचाऱ्यांना कशाला? मला घाल.”

आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे हुशार माणसांकडून शिकावं.

गोष्ट लागू पडली. नवरा एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात चिकटला. कचेरी पाचव्या मजल्यावर होती. तो रोज जिन्याने चढायचा आणि तिथे सांगायचा, व्यायाम.

वर्षभराने त्याच कचेरीत काउंटरवर माणसं घ्यायचं ठरलं. लेक एव्हाना शाळेत रुळली होती. त्याच दोन खोल्या पुसून पुसून ती विटली होती; दिवसभरात कुणाशी बोलावं तर भिंतींशी. ही नोकरी तिला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

“मी कुठली गोष्ट सांगू रे?” तिने विचारलं.

“सांग ना दुसरी एखादी. तुला काय तोटा?” असं म्हणून नवऱ्याने मोबाइलमध्ये तोंड घातलं.

दुसऱ्या होत्याच. लेकीचा फणफणता ताप, सासूबाईंचं मोडलेलं हाड. पण घरातल्या गोष्टी मुलाखतीत चालत नाहीत, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अर्जावरचं नाव वाचलं आणि त्या हसल्या.

“म्हणजे लिफ्टमध्ये रडलेल्या त्या तुम्हीच! आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे तो किस्सा.”

‘नाही’ अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. काचेपलीकडे नवरा बाटलीत पाणी भरत होता. बाटली भरून वाहू लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“हो,” ती म्हणाली. “मीच ती.”

“काउंटरवर लोक अंगावर धावून येतात. तिथे रडून कसं चालेल?”

“आता नाही घाबरत मी. लिफ्टनेच वर आले.”

पुढची उत्तरं तिने अशी दिली, की बाईंनी शेवटी पेन खाली ठेवलं.

“मला तरी तुम्ही पसंत आहात. संध्याकाळी कळवते.”

नवरा तिला पोचवायला जिन्यापर्यंत आला. तेवढ्यात बाईही जेवायला निघाल्या. लिफ्ट आली, तसं त्यांनी दार हाताने अडवून धरलं.

“या ना दोघंही. तुमच्या व्यायामाला आज सुट्टी.”

नवरा हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या, जरा जास्तच वेळ.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मघाशी मी खोटं बोलले. मला अजून भीती वाटते लिफ्टची. हे येतील माझ्यासोबत जिन्याने.”

बाईंचं हसू मावळलं.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि दार लागलं.

दोघं उतरू लागले. राग येतोय की रडू, तिचं तिलाच कळेना. दोन मजले उतरल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

“तू मध्ये बोलायला नको होतंस,” तो म्हणाला. “मी घेतलं असतं सांभाळून.”

ती पायरीवर थांबली.

“‘मी’ म्हणायला छान शिकलास,” ती म्हणाली आणि कठडा धरून पुढे उतरू लागली.