दोनदा टकटक

मित्रांनो, मी एक जुना डॉमिनोचा खेळ आहे. मातान्सास गावात, एका खडखडणाऱ्या संगणकात राहतो. पडद्यावरच्या रंगीत सोंगट्या म्हणजे मी नव्हे. कुठली सोंगटी कुठे जुळते, पाळी कोणाची, जिंकलं कोण, हे जाणणारा आतला बिनचेहऱ्याचा भाग, तो मी.

मला युदेल्किस नावाच्या मुलीने घडवलं, तिच्या आजोबांसाठी. एवारिस्तोआजोबांची नजर मंदावली, तसं कोपऱ्यावरच्या डॉमिनोच्या टेबलाने त्यांना बोलावणं सोडलं होतं. सुरुवातीला तिने मला चित्रांतच कालवून टाकलं. प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या नेरेइदाबाई म्हणाल्या, "पोरी, याची अक्कल तू याच्या पावडरीत मिसळलीयेस. तोंड धुतलं की डोकंही वाहून जाईल."

मग तिने आठवडाभर खपून मला वेगळं काढलं. नियम इकडे, रूप तिकडे. तेव्हापासून मी एकटा. येणारेजाणारे सोंगट्यांचे रंग वाखाणत. माझी आठवण कोणाला?

वर्षभरात आजोबांना दिसेनासंच झालं. युदेल्किसने चित्रं काढून टाकली आणि मला बोलणारा आवाज जोडला. आजोबा हात चोळत बसले. चौथ्या पाळीला त्यांच्याकडे जुळणारी सोंगटी नव्हती. टेबलावरच्या जुन्या सवयीने त्यांनी दोनदा टकटक केलं, म्हणजे पास. मी गप्प. पुन्हा टकटक. मी गप्पच. पास करण्याचा नियम चित्रातल्या बटणातच राहिला होता. बटणाबरोबर तोही गेला. मला तो कधी कळलाच नव्हता.

"यालाही माझा कंटाळा आला वाटतं," म्हणत आजोबा काठी चाचपू लागले.

युदेल्किस त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने तो नियम माझ्यात आणून ठेवला, टकटक ऐकणारा कान जोडला आणि आजोबांना कॉफीचं आमिष दाखवून बसवलं.

टकटक. मी पाळी पुढे नेली.

आजोबा थबकले. "समोर कोण बसलंय गं?"

"कोणी नाही, आजोबा. नुसता खेळ."

"नुसता कसा? माझी टकटक ओळखतो की."

चेहऱ्याशिवाय मला भेटलेले ते एकटेच.

आता ते नाहीत. युदेल्किसही नोकरीसाठी दूर गेली. मित्रांनो, खेळ घडवाल तेव्हा रूप हवं तेवढं सजवा, पण नियम आत, त्याच्या जागी ठेवा. आणि मधूनमधून त्या आतल्याचीही विचारपूस करा.

शेवटच्या डावात माझी खेळी झाली होती. पाळी अजून आजोबांचीच आहे.