वाफेच्या झडपेवर टांगलेला दगड

मी एक जुना काळा दगड आहे आणि मित्रांनो, तुम्हा माणसांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. का, ते ऐका.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. त्याच्या पोटात वाफ होती, वायू होते. पण लाव्हा पातळ. बुडबुडे वर आले, फुटले, निघून गेले. लाव्हा आमटीसारखा पसरला आणि निवला. माझ्या अंगावरची बारीक भोकं निवताना शेवटी फुटलेल्या बुडबुड्यांची.

सगळे ज्वालामुखी असे शहाणे नसतात. काहींच्या लाव्ह्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते तीच वस्तू, फार असते. असला लाव्हा घट्ट. घट्ट पिठलं चुलीवर कसं फटाफट उडतं आणि हात भाजतं, ते पाहिलंय ना? तसंच. लाव्हा वर चढतो तसा त्याच्यावरचा दाब कमी होतो, आतले बुडबुडे फुगतात, पण चिकट लाव्हा त्यांना सोडत नाही. मग ते डोंगर फोडूनच बाहेर पडतात. वायू तर दोन्हीकडे असतो. दोष वाट अडवण्याचा.

एवढं कळायला डोकं लागत नाही. मला डोकं नाही, तरी कळतं.

निघोज गावच्या कोंडाजीनं मला गावाकडून पिंपरीला आणलं. तो एका रबराच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. बॉयलरखोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मी दाराशी बसायचो. सुखात होतो.

एकोणीसशे एकाहत्तर साली मालाची मागणी वाढली, तशी वाफही जास्त लागायला लागली. वाफेचा दाब ठरलेल्या खुणेवर गेला की वरची झडप आपोआप उघडायची आणि जादा वाफ बाहेर सोडायची. सुपरवायझर अर्जुनरावांना ते बघवेना.

"कोंडाजी, वाफ हवेत चाललीय! त्या दांड्याला काहीतरी अडकव."

"साहेब, ती झडप त्यासाठीच हाय न्हवं?"

"तू इंजिनियर आहेस का?"

कोंडाजी इंजिनियर नव्हता. अर्जुनरावही नव्हते. तारेनं बांधून मला झडपेच्या दांड्याला टांगलं, म्हणजे माझ्या भारानं झडप दाबलेली राहील, उघडणार नाही. माझ्या पूर्वजांनी वाफ सोडली, आणि मला वाफ कोंडायला बसवलं!

दोन दिवसांसाठी म्हणून टांगलं होतं. मधेच खंडेनवमी आली. यंत्रांना हार घातले आणि कुणीतरी मलाही शेंदूर फासला. झालं! दगडाचा देव झाला. आता मला काढायचं नाव कुणी काढेना. शिकलेले साहेबसुद्धा येता-जाता हात जोडायचे. कसले साहेब!

दिवाळीनंतर एका दुपारी दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढे गेला. बॉयलरचे सांधे कण्हायला लागले. कोंडाजी समोर उभा, घामानं भिजलेला. राख उचलणारी सोजरबाई ओरडली, "कोंडाजीभाऊ, काढा की त्यो धोंडा!"

"देवाला हात कसा लावू?"

"देव आसंल तर खाली ठिवल्यानं मरायचा न्हाई. तुमी मराल!"

कोंडाजी हलेना. तिनं राख ओढायचा लोखंडी आकडा उचलला, तार ओढली आणि मला खाली पाडलं. झडप उघडली. वाफ अशी किंचाळली की गेटपर्यंतची माणसं पळाली. हळूहळू काटा खाली आला. कोंडाजी घाम पुसत काट्याकडे बघत होता. जिवंत.

अर्जुनराव धावत आले. "देव कुणी पाडला?"

"म्या," सोजरबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर यायला बंदी झाली. कारण काय, तर देवाला आकडा लावला. कोंडाजी तिथंच उभा होता. खाली मान घालून.

मला मात्र गेटाशी ओटा बांधून दिलाय. 'बॉयलर वाचवणारा देव' म्हणून दर खंडेनवमीला कोंडाजी माझ्यापुढे नारळ फोडतो. मी कुणाला वाचवलं नाही, मी तर त्याला मारायलाच टांगलेला होतो. पण हे सांगणार कुणाला?

मित्रांनो, त्या गेटावरून कधी गेलात, तर हात जोडू नका. नखानं माझा शेंदूर खरवडा. खाली बारीक भोकं दिसतील. वाफ तिथून निघून गेली, म्हणून मी अजून अखंड आहे. यंत्राची झडप मोकळी ठेवा. आणि सोजरबाई कुठं भेटलीच, तर तिला एवढं सांगा, की दगडाला सगळं आठवतंय.