तांब्याभर आधण

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांसमोर जितेंद्र आणि गोपिका सावजी खानावळ चालवत. रस्सा जितेंद्रचा, पोळ्या, भात आणि वाढप गोपिकाचं. वर्षानुवर्षं सिगारेट ओढून जितेंद्रची जीभ बोथट झाली होती. तो मीठ-मसाला घालायचा, चाखायचा, मान हलवायचा आणि आणखी घालायचा. मग गॅस बारीक करून तो सिगारेट ओढायला बाहेर गेला की गोपिका रश्श्याच्या गंजात तांब्याभर आधणाचं पाणी ओतायची. गिऱ्हाइकं बोटं चाटत आणि जितेंद्र दारात ताठ उभा राही. ते पाहणं तिला इतकं आवडे की आधणाबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही.

थंडीत खोकला त्याला आडवं होऊ देईना, तेव्हा ती त्याला सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथल्या अरुंधती मॅडम रागावल्या नाहीत. तलफ चढते तशी उतरतेही, असं त्यांनी सांगितलं. उतरेपर्यंत जवळ कोण बसेल, एवढंच विचारलं. गोपिकाने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. हळूहळू नाक आणि जीभही ताळ्यावर येतील, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या, पण तेव्हा तिचं लक्ष औषधाच्या गोळ्यांकडे होतं.

जितेंद्रने खरंच सोडली. तलफ आली की तो शेगडीपाशी बसून राही आणि ती जवळ कांदे चिरत बसे. खोकला कमी झाला. एका सकाळी तिच्या केसांशी नाक नेऊन त्याने विचारलं, "शिकेकाई लावली का वं?"

"लगन झालं तवापासून लावून राहिली," ती म्हणाली, आणि दिवसभर तिला मधूनच हसू येत राहिलं.

पण गिऱ्हाइकांच्या ताटात रस्सा उरू लागला. गोदामातले म्हातारे मुनीम बापूजी तर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिगरेट सोडली का चव सोडली गा, जितेंद्र?" सगळे हसले. जितेंद्रही हसला, पण त्यानंतर तो दारात उभा राहीनासा झाला.

एका दुपारी रस्सा चाखून त्याने पळी खाली ठेवली.

"माही जीभ खोटं बोलून राहिली," तो म्हणाला. "मले बरोबर लागते अन् लोकायले फिकं. ओढत होतो तवा हात बरोबर होता. एक ओढून पाहतो."

तिने अडवायच्या आत तो बाहेर पडला. गोपिकाच्या हातात तांब्या होता. सवयीने तिने तो गंजावर तिरपा केला आणि तशीच थांबली. थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन तिने चाखला. मीठ नेमकं होतं. मसालाही.

त्याची जीभ केव्हाच ताळ्यावर आली होती. त्याने रस्सा नीट करायचा आणि त्याची पाठ वळली की तिने रोज त्यात आधण ओतायचं, असं इतके दिवस चाललं होतं. सांगावं, तर एवढ्या वर्षांचं त्याचं दारातलं उभं राहणं खोटं ठरेल. न सांगावं, तर तो पानठेल्यावर पोचलाच असेल.

ती तशीच धावत निघाली.

सिगारेट त्याच्या बोटांत होती, अजून पेटायची होती. तिने त्याचं मनगट धरलं आणि सगळं सांगून टाकलं, पानवाल्यासमोरच. जितेंद्रने सिगारेट बोटांत फिरवली.

"म्हणजे लोक तुह्या हातचं खात होते."

"दोघांच्याही."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी दारात उभे राहिले का लय चांगले दिसत होते."

तो बाकड्यावर बसला. तलफ चढली होती. गोपिका शेजारी बसली. ट्रक जात होते, धूळ उडत होती. बऱ्याच वेळाने त्याने सिगारेट पानवाल्याच्या डब्यावर ठेवली आणि कपाळ पुसलं. मग एकदम तिच्याकडे वळला.

"गॅस बंद करून आली का?"

तिने तोंडावर हात ठेवला. दोघेही पळत सुटले. जितेंद्र ट्रकांमधून वाट काढत बराच पुढे गेला. मागून गोपिका धापा टाकत त्याला हळू जायला सांगत होती.