चूळ

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचं काम माझं. सकाळी दारातच सासूबाई आडव्या आल्या.

"दात घासलेस नि चूळ नाय भरलीस. पारोशा तोंडाने देवाला हात लावतेस व्हय गो?"

"फेस थुंकलाय, आई. चूळ नाय भरणार. पेणच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. गोडधोड खाऊन दाताचं कवच ठिसूळ होतं, ते पेस्टमधलं फ्लोराइड परत घट्ट करतं. लगेच चूळ भरली की फ्लोराइड मोरीत वाहून जातं."

"आमच्या सात पिढ्या चूळ भरत आल्या."

"नि पन्नाशीतच सगळ्यांची बोळकी झाली!"

कारखान्यातले सगळे हात थांबले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्या तोंडापुढे धरला. "भर आधी. देवाला असलं चालायचं नाय."

मी तांब्या घेतला, त्यातलं पाणी रंगाच्या वाटीत ओतलं आणि मूर्तीसमोर मांडी ठोकून बसत ब्रश उचलला.

"ह्या देवाचा एक दात मोडलाय, आई, तरी सगळं गाव त्याच्या पाया पडतं. माझा मोडला तर कोण पडणार हाय?"