उतरवणी

सुकाणू गेलं, नांगर गेला, शिडाच्या दोऱ्यांची झाडून सगळी नावं गेली, तरी दुभाषीबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. समोर बसलेली भाची मात्र घामाघूम झाली होती. दोघींचे तळवे एकमेकींना टेकलेले होते. बाई पल्याडच्या भाषेतला एक शब्द म्हणत, त्याचा अर्थ सांगत, मग भाची तो शब्द जसाच्या तसा म्हणे. तिच्या तोंडून तो नीट बाहेर पडला की बाईंच्या डोक्यातून निघून जाई. दात पडल्यावर हिरडीत राहते तशी त्याची जागा तेवढी राही.

बंदराचे साहेब साक्षीदार म्हणून खिडकीशी बसले होते. त्यांना या कामाचा कंटाळा आला होता आणि तो लपवायची तसदी ते घेत नव्हते.

परकी भाषा शिकून येत नाही, हे त्या बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्याच्याकडे ती आहे त्याने ती उतरवून द्यायची, आणि दिली की त्याच्यापुरती ती संपली. कान तिला कायमचे मिटतात, मग कितीही ऐकलं तरी नुसता आवाज. खाडीपलीकडच्या लोकांची भाषा अलीकडच्या काठावर अशी एकाच तोंडात होती, आणि ते तोंड उभा जन्म बाईंचं होतं. धक्क्यावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. हल्ली कानही दगा देऊ लागले होते. गेल्या वादळात एका नावाड्याला त्यांनी दोन-तीनदा ‘काय?’ म्हणून विचारलं, तोवर त्याची नाव खडकाला घासली. माणसं वाचली, पण बाई त्याच संध्याकाळी आपणहून साहेबांकडे गेल्या आणि माझ्या बहिणीच्या मुलीला बोलवा, म्हणाल्या. आपल्याला कुणी घालवलं नाही, आपण होऊन निघालो, असं त्या तेव्हापासून स्वतःला बजावत होत्या.

खरी अडचण घरात होती. बाईंचा नवरा पल्याडचा होता. धक्क्यावरच्या एका अपघातात त्याचे पाय गेले आणि तो इकडेच राहिला. त्याला अलीकडची भाषा यायची तर अलीकडच्या कुणीतरी जन्मभर मुकं व्हायला हवं होतं, आणि एवढा उदार माणूस कुठल्याच काठावर सापडत नाही. म्हणजे या अख्ख्या गावात त्याचं बोलणं कळणारं माणूस एकच. तो जेवणाला नावं ठेवायचा, शेजाऱ्यांच्या नकला करायचा, आणि रागावला की बायकोच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. हे सगळं फक्त तिच्यासाठी. तीही त्याला तोडीस तोड उत्तरं द्यायची, त्याच्याच भाषेत. तेवढा एक अपवाद होता. त्याने हाक मारली की ती आपल्या भाषेतली ‘ओ’ द्यायची. सवयच ती. एवढ्या वर्षांत त्याला अलीकडचं म्हणून काही कळत असेल तर ती ओ.

हाक तो नावाने मारत नसे. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने समोर बसलेल्या या अनोळखी बाईला विचारलं होतं, मी पोचलो का? ती म्हणाली, पोचलास. तेव्हापासून तो तिला ‘किनारा’ म्हणायचा. लाडात आला की म्हणायचा, भांडणातही तेच म्हणायचा.

आज सकाळी त्या निघाल्या तेव्हा त्याने त्यांचा हात धरून ठेवला.

“सगळं दे,” तो म्हणाला. “तेवढा एक ठेव. मी हाक मारली की तुला कळलं पाहिजे, तुलाच मारली म्हणून.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

बरं म्हणायला काही लागत नाही. पण शब्द मागे ठेवला की काय होतं, हे त्या दोघांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना ही भाषा देणारे थोरले दुभाषी देवमाणूस होते. त्यांनीही सगळं दिलं, आणि एक शब्द ठेवला. पल्याडला त्यांची कुणी मैत्रीण होती म्हणे. ते निघाले की ती दारातून ‘थांब’ एवढंच म्हणायची. म्हाताऱ्याने तो शब्द स्वतःशी ठेवून घेतला. एका शब्दाने काय बिघडणार आहे? बाई तेव्हा ऐन विशीत होत्या. काही दिवसांनी माल उतरवायच्या यारीवरून गाठोडी खाली येत होती आणि खाली उभा असलेला एक तरणा नावाडी हात वर करून एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होता. त्याचा पाय दोरात अडकला होता. यारीवाल्याने बाईंकडे बघितलं, काय म्हणतोय तो? बाईंना तो शब्दच माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, काहीतरी ओरडतोय. गाठोडं खाली आलं.

थोरले दवाखान्यात आले, लहान मुलासारखे रडले आणि तो शब्द त्यांनी तिथल्या बाकावर बसून उतरवून दिला. तोवर उशीर झाला होता. तो नावाडी म्हणजेच बाईंचा नवरा. दयेपोटी लग्न केलं असं गाव म्हणायचं. गावाला त्यांची भांडणं कळत नसत, नाहीतर असं म्हणालं नसतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई घरी आल्या. तोवर वारा, पाऊस, माल, माप, दिशा, सगळं देऊन झालं होतं. नवरा खिडकीशी टेकून बसला होता. त्यांना बघून तो भडाभडा बोलायला लागला. सकाळपासूनचं साठलेलं सगळं. बाईंच्या हाती त्यातलं ‘काल’ लागलं, ‘हसलो’ लागलं, ‘तू’ लागलं. मधली जागा नुसती वाजत होती. त्या मान डोलवत राहिल्या. फसायला तो काही नवखा नवरा नव्हता. तो मध्येच थांबला, त्यांच्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी सोपे, सुटे शब्द वापरून, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलू लागला. जेव. ऊन आहे. दमलीस.

बाईंना सकाळपासून रडू आलं नव्हतं, ते त्या वेळी आलं. त्याच्या शिव्या त्यांनी जन्मभर झेलल्या होत्या, ही समजूतदार भाषा त्यांना झेपेना. त्यांनी त्याला भरवलं, पाठीमागे उशी सारखी केली आणि निघाल्या. त्या दारातून बाहेर पडत होत्या तेव्हा त्याने हाक मारली. किनारा. बाईंनी ओ दिली.

“ठेवते,” त्या म्हणाल्या. “काळजी नको करूस.”

दुपारनंतर काम भराभर झालं. शिव्यांची पाळी आली तेव्हा साहेब खडबडून जागे झाले आणि भाचीचे कान लाल झाले. बाई म्हणाल्या, लाजू नकोस, धक्क्यावर सगळ्यात आधी ह्याच लागतील. ‘थांब’ त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, साहेब चुळबुळ करायला लागेपर्यंत. मग घरातले शब्द आले. चूल, उशी, खिडकी. मग आजारपणाचे आले. ‘दुखतंय’ दिला. ‘पाणी’ दिला. ‘पुरे’ दिला. तहानेने कासावीस झालेला माणूस उद्या नावेतून उतरला तर भाचीला हे लागणार होतंच. घरातल्या माणसाला लागतील तेच शब्द कामावरही आधी लागावेत, याचा बाईंना मनस्वी राग आला. कुणावर काढावा हे मात्र कळेना.

शेवटी साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, “काही राहिलं?”

हा प्रश्न विचारतात खरा, पण उत्तर तपासायची सोय कुणाकडेच नसते. देणाऱ्यालाच काय ते माहीत.

“नाही,” बाई म्हणाल्या. आवाज बसलेला असला की खोटं बोलणं सोपं जातं.

भाची उड्या मारतच खिडकीशी गेली. खाली पल्याडच्या नावा लागत होत्या. तिने वाकून एकाला त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं, आणि खालून एकदम हसण्याचा, टाळ्यांचा आवाज आला. नवी दुभाषी आली म्हणून नावाडी खूश झाले होते. बाई खुर्चीतच बसून होत्या. भाचीच्या तोंडून येणारं ते गोड, भरभर बोलणं त्यांना ओळखीचं वाटत होतं. कळत मात्र अक्षरही नव्हतं.

आकाश पश्चिमेकडून भरून यायला लागलं होतं. साहेबांनी भाचीला सांगितलं, लांब उभ्या असलेल्या नावेला म्हणावं वारा फिरतोय, किनाऱ्याला लागा. भाचीने दोन्ही हात तोंडाशी धरले, ओरडायला सुरुवात केली आणि अर्ध्यात अडकली. हाताने हवेत काहीतरी चाचपलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकली. लांबच्या नावेवरचा माणूस कानाला हात लावून उभा होता.

भाची मागे वळून हसली. “मावशी, बघ ना, शब्दच आठवत नाहीये. नवी आहे ना मी. येईल हळूहळू.”

 बाईही तेव्हा अशाच हसल्या होत्या. गाठोडं अजून वर होतं, यारीवाला त्यांच्याकडे बघत होता, आणि आपण नवीन आहोत म्हणून आठवत नाही असं त्यांना वाटलं होतं. मिळालेलाच नाही, हे ज्याला शब्द मिळालेला नसतो त्याला कळत नाही. तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो.

“इकडे ये,” बाई म्हणाल्या. “बस.”

“अगं, ती नाव...”

“त्याच्यासाठीच. एक राहिलाय.”

साहेबांनी वळून पाहिलं. “मघाशी नाही म्हणालात.”

“म्हणाले होते,” बाई म्हणाल्या.

भाचीने तळवे पुढे केले. बाईंनी लगेच हात लावला नाही. तो शब्द त्यांनी एकदा मनात म्हणून घेतला. मग अगदी हळू, ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटला. दवाखान्यातला, भांडणातला, आज दुपारी दारातला. मग त्यांनी तळवे टेकले आणि तो मोठ्याने म्हणून अर्थ सांगितला. किनारा. भाचीने तो स्वच्छ म्हटला, खिडकीकडे धावली आणि ओरडली. लांबची नाव हळूहळू वळायला लागली.

“आता काही राहिलं?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या.

वारा सुटला होता. भाची त्यांना घरापर्यंत सोडायला आली. वाटेत ती बरंच बोलली. मी रोज येईन, काका काय म्हणतात ते सांगत जाईन. बाई हो म्हणाल्या. धक्क्यावरचं काम कसं असतं आणि दुभाष्याला घरी यायला किती वेळ उरतो, हे त्यांना माहीत होतं, पण पोरीचा हिरमोड कशाला करायचा.

घर आलं. दाराला हात लावायच्या आत आतून आवाज आला. थोडं थांबून पुन्हा तोच. बाई पायरीवर उभ्या राहिल्या. कुठे भांडं सरकावं, कडी वाजावी, तसा तो आवाज होता. त्यांनी मनातल्या मनात खूप शोधलं. जागा होती, तिथे काही नव्हतं.

भाचीचा चेहरा मात्र पडला होता. तिला कळलं होतं. तो लांबच्या नावेला ओरडलेला शब्द काकांच्या तोंडी का, आणि मावशीने तो शेवटपर्यंत का धरून ठेवला होता, सगळंच कळलं होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “काका काय म्हणतायत, सांगू तुला?”

“नको,” बाई म्हणाल्या. “घरात दुसरं आहे कोण? मलाच हाक मारतायत.”

आणि त्यांनी बसल्या आवाजात, होता नव्हता तेवढा जोर लावून, ओ दिली.

शब्द ठेवला की दिला, हे नुसत्या ‘ओ’वरून त्याला कळलं नसतं. आजचा दिवस निभावून गेला असता. बाईंनी चपला काढल्या, आत गेल्या, दिवा लावला आणि त्याच्यासमोर, आपला चेहरा त्याला नीट दिसेल अशा बसल्या. त्याने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली केली नाही. शेवटी त्याने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर धक्क्याकडून भाचीला बोलावणारा भोंगा वाजला, तरी ती दाराबाहेरच उभी होती.

मग त्याने पुन्हा तोच आवाज काढला, खिडकीकडे बघतच.

बाईंनी ओ दिली.