डाव्या नडगीची ढाल

मित्रांनो, मी एक जुना शिनगार्ड आहे, आणि तोही डाव्या पायाचा. फुटबॉल खेळणारी मुलं मोज्याच्या आत नडगीवर जी छोटी ढाल बांधतात ना, तोच मी. बुटांच्या खिळ्यांनी अंगावर इतके ओरखडे काढलेत की माझा मूळचा निळा रंग आता शोधावा लागेल. पण ओरखड्यांनी मला कधी दुखलं नाही. मार खायचा म्हणून तर माझा जन्म. दुखलं ते वेगळंच, आणि तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

गरम प्लॅस्टिक साच्यात दाबून मला घडवलं आणि आतून मऊ अस्तर लावलं. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ जन्मला, उजव्या पायाचा. कॅनडातल्या वॉन शहरातल्या एका दुकानातून चित्राताईंनी आमची निळी जोडी आपल्या मुलासाठी, निहारसाठी घेतली. निहारच्या वर्गातच क्लेटन होता. त्याचे आईवडील वसईचे ख्रिस्ती. त्याच्या आईने, पॉलिनबाईंनी, त्याला लाल जोडी घेतली होती. दोघं मराठी, दोघं बचावपटू, मग मैत्रीला आणखी काय लागतं?

पहिल्या सामन्याआधी दोघांनी आपापला डावा शिनगार्ड बदलला.

"तुझा माझ्याकडे, माझा तुझ्याकडे," निहार म्हणाला. "आता एकाला लागलं की दोघांना लागलं."

अशा रीतीने मी निहारच्या जोडीतून क्लेटनच्या पायावर आलो. क्लेटनचा लाल भाऊबंद निहारच्या डाव्या पायावर गेला. दोघांचेही पाय एक लाल, एक निळा. बाकीची मुलं हसायची, पण ह्या दोघांना त्याचाच अभिमान वाटायचा.

पॉलिनबाई फार श्रद्धाळू. रोज संध्याकाळी रोझरी म्हटल्याशिवाय त्या जेवत नसत, आणि सामन्याच्या दिवशी शेवटची शिट्टी वाजेपर्यंत त्यांच्या तोंडात पाण्याशिवाय काही जात नसे. झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित झावळी मिळते. तिच्या पात्याचे दोन इवलेसे क्रूस त्या विणत आणि एक माझ्या अस्तराखाली, एक निहारकडच्या लाल शिनगार्डाखाली सरकवत. वर्षभराने, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी, जुने क्रूस काढून चर्चच्या टोपलीत परत द्यायचे. तिथे सगळ्या जुन्या झावळ्या जाळतात आणि राखेच्या बुधवारी तीच राख लोकांच्या कपाळी लावतात. निहार हिंदू. पण चित्राताई म्हणाल्या, "असू दे हो पॉलिन. माझ्या मुलाचा पाय शाबूत राहू दे, मग राखणारा कुणी का असेना."

रविवारी जेवायला निहार हटकून क्लेटनकडे. इंद्यालच्या तिखट रश्शात पॉलिनबाईंचे तळलेले मैद्याचे फुगे बुडवून खाताना त्याचं तोंड बंद म्हणून नसायचं.

"ऑन्टी, तुमचा मुलगा चेंडू सोडून माणसालाच लाथा मारतो!"

"आणि तू तिसऱ्यांदा रस्सा मागतोस, ते सांगू का तुझ्या आईला? जेव गुमान."

दिवस सरले. दोघं मोठे झाले आणि एकाच व्यावसायिक क्लबात बचावफळीच्या मधोमध शेजारी उभे राहू लागले. मोठे खेळाडू हल्ली लहान मुलांचेच शिनगार्ड बांधतात, हलके पडतात म्हणून. त्यामुळे आमची नोकरी टिकली. तिथला तो खेळ तुम्हांला काय सांगू! पाऊस, धुकं, ऑक्टोबरातलं गोठलेलं मैदान. गोल करणाऱ्याला हार आणि गोल अडवणाऱ्याला बर्फाची पिशवी, असाच तो धंदा. तरी वर्तमानपत्रवाले क्लेटनला 'भिंत' म्हणू लागले, तेव्हा मीही मोज्याच्या आत जरा फुगलो.

त्या दोघांची एक युक्ती होती. मैदानावर बोलायचं ते मराठीत. निहार "चल" म्हणाला की दोघांनी एका दमात पुढे सरकायचं. मागे राहिलेला आक्रमक मग ऑफसाइड ठरतो. "थांब" म्हणाला की जागेवरच उभं राहायचं. बाकी कुणाला मराठी येत नव्हतं, म्हणून सापळा कधी फुटत नसे. मात्र दोघांनीही पाऊल टाकलं तरच तो सापळा. एक जण मागे राहिला, की उघडं दार.

मोसमाचा अंतिम सामना होता. बरोबरी चालली होती. समोरून लांब चेंडू आला आणि निहार ओरडला, "चल!"

क्लेटनने पुढे पाऊल टाकलं. मी त्याच्या नडगीवरच होतो, पाय कोणत्या हाकेवर हलला ते मला ठाऊक आहे. पण निहारचा पाय हलला नाही. माझा जुळा भाऊ त्याच्या उजव्या पायावर तसाच उभा राहिला. आक्रमक दोघांच्या मधून निसटला आणि गोल झाला.

मित्रांनो, पाय गोठला, त्याला मी दगा म्हणत नाही. पाय कुणाचाही गोठतो. दगा झाला तो कपडे बदलायच्या खोलीत.

कोचने विचारलं, "निहार, व्हॉट डिड यू कॉल?"

क्लेटन वाकून माझा पट्टा सोडवत होता. त्याचा हात माझ्यावर थांबला.

"स्टे," निहार म्हणाला. "आय टोल्ड हिम टू स्टे."

क्लेटनने वर पाहिलं. निहार आपल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत होता. शब्दांचा अर्थ त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होता, आणि मला. मला तोंड असतं तर!

क्लेटन पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून थांबला. रोज दोघं एकत्र घरी जात. त्या दिवशी निहार दुसऱ्याच्या गाडीतून गेला.

घरी पॉलिनबाई म्हणाल्या, "अरे, मग सांग की कोचला खरं काय ते."

"ही शुड से इट, मम," क्लेटन म्हणाला. "इट हॅज टू बी हिम."

निहार बोलला नाही. 'भिंतीची घाई नडली,' असं छापून आलं. क्लबने क्लेटनला पुढच्या मोसमासाठी ठेवलं नाही. कप्तानाचा पट्टा निहारच्या दंडावर गेला. क्लेटन वॉनच्या एका वेअरहाऊसमध्ये लागला आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात पडून राहिलो.

उपवासकाळाआधीच्या रविवारी पॉलिनबाईंनी जुना क्रूस काढायला मला टेबलावर घेतलं, तोच दारात बर्फ झटकत निहार उभा.

"क्लेटन आहे, ऑन्टी?"

"बेसमेंटमध्ये आहे. बूट काढ. जेवलास?"

"नको, ऑन्टी."

"माझ्या घरात 'नको' कधीपासून म्हणायला लागलास तू?"

त्यांनी ताट वाढलं. निहारने फुगा मोडला, पण खाल्ला नाही. खिशातून लाल शिनगार्ड काढून टेबलावर ठेवला. "हा परत द्यायला आलोय."

"दे. पण आधी मला सांग, त्या दिवशी तू काय म्हणालास?"

त्याने मोडलेला फुगा ताटात ठेवला. "चल म्हणालो. पण पायच उचलला नाही, ऑन्टी."

"पाय उचलला नाही, ते कळतं रे मला," पॉलिनबाई हळूच म्हणाल्या. "जीभ मात्र बरी उचलली."

"आता कोचला कसं सांगू? आय'म द कॅप्टन नाऊ."

जिन्यात क्लेटन उभा होता. "लीव्ह इट, मम."

"क्लेटन, यार, काहीतरी बोल ना."

"आय वेटेड, निहार. गाडी चालू ठेवून. यू वेंट विथ समवन एल्स."

त्याने आपला लाल शिनगार्ड उचलून घेतला. मग मला उचललं. सामन्याआधी फिरवायचा तसा अंगठा माझ्यावरून एकदाच फिरवला आणि मला निहारपुढे धरलं. "हा तुझा."

"थांबा," पॉलिनबाई म्हणाल्या. त्यांनी आम्हां दोघांच्या अस्तराखालून वाळलेले क्रूस अलगद काढून घेतले. मग मी निहारच्या हातात गेलो.

ते दोन क्रूस राखेच्या बुधवारसाठी एकत्रच जळले असतील. राखेत कुठला कुणाचा ते ओळखू येत नाही. आमचं मात्र तसं झालं नाही.

आता मी पुन्हा माझ्या जुळ्या भावाशेजारी आहे. निळ्याला निळा, दिसायला जोडी छान जमली. पण माझ्या अस्तराखालची जागा रिकामी आहे, आणि ज्या पायाला मी ओळखत होतो तो हा नव्हे. निहारच्या शेजारी आता नवा बचावपटू खेळतो. निहार "स्टेप!" म्हणून ओरडतो आणि तो भाबडा डोळे झाकून पाऊल पुढे टाकतो. तेव्हा मी निहारच्या नडगीला घट्ट बिलगतो आणि वाट पाहतो, ह्या वेळी हा पाय हलतो का.

मित्रांनो, खेळून आलात की आम्हांला ओल्या मोज्यांत कोंबून ठेवू नका, पुसा, वारा लागू द्या. नडगीचं मी राखीन. पण तुमच्या हाकेवर जो पाऊल टाकतो, त्याची ढाल तुम्हीच असता. म्हणून 'चल' म्हणाल, तेव्हा आधी स्वतः चला. आणि कधी पाय उचललाच नाही, तर निदान त्याची गाडी पार्किंगमध्ये उभी आहे तोवर खरं सांगून टाका.